कारकुनी शिक्षणाला नावं ठेवण्याआधी

आमच्या तालुक्याच्या गावी बाजारपेठेत एका भुसार दुकानावर माडी होती. अरुंद लाकडी जिना आणि वर एकच लांबट खोली. जिन्याच्या तोंडाशी पत्र्याची पाटी लटकलेली: ‘टायपिंग (मराठी व इंग्रजी), शॉर्टहँड, बुककीपिंग’. सकाळी सात ते साडेआठ त्याच खोलीत एक निवृत्त सर दहावीच्या मुलांची संस्कृतची शिकवणी घेत, हे मात्र पाटीवर नव्हतं. टाइपरायटर तेव्हा खोळी पांघरून बसलेले असत. त्यांच्यामधल्या जागेत वह्या टेकवून आम्ही ‘रामः रामौ रामाः’ घोकायचो. साडेआठला आम्ही खाली उतरायचो आणि टायपिंगची पहिली बॅच वर चढायची. जिन्यावरून एका वेळी एकच रांग जाऊ शके, म्हणून ती मुलं, खरं तर बहुतेक मुलीच, पायऱ्यांवर भिंतीला टेकून आमची सुट्टी व्हायची वाट बघत उभ्या असत.

आम्ही संस्कृत का घेतलं होतं? कालिदास वाचायला नक्कीच नाही. शंभरात पंच्याण्णव पडतात म्हणून. ‘स्कोअरिंग आहे’ हे दोन शब्द आमच्या पालकांना मेघदूतापेक्षा जास्त ओळखीचे होते. जिन्यातल्या मुली टायपिंग का शिकत होत्या? आधी तीस शब्दांची, मग चाळीस शब्दांची सरकारी परीक्षा पास झाली, की पंचायत समितीत नाही तर एखाद्या वकिलाकडे चिकटता येतं म्हणून. दोन्ही बॅचा आल्या होत्या पोटासाठीच. गाव मात्र आमच्या बॅचला ‘विद्या’ म्हणायचं आणि त्यांच्या बॅचला ‘कोर्स’.

तेव्हा याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटतं, कारण ‘मेकॉलेनं आपल्याला कारकून बनवलं’ हे, इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याला नावं ठेवणारं, वाक्य आता इतक्या ठिकाणी ऐकू येतं की कान किटले. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणे ते म्हणतात, अग्रलेखात ते येतं, व्हॉट्सॲपवर तर रोजच. म्हणणाऱ्याच्या बोलण्यात दोन गोष्टी धरून चाललेल्या असतात. कारकून होणं ही नामुष्की आहे, ही एक. आणि परक्यांनी हे हलकं शिक्षण लादलं नसतं तर आपण सगळे शास्त्रं आणि काव्यं शिकत बसलो असतो, ही दुसरी. मला दोन्ही मान्य नाहीत. अभिजात विद्या आणि धंद्याची विद्या या इंग्रजी अमदानीतल्या खासगी शाळांत बऱ्याच वेळा एकाच गल्ल्यावर विकल्या गेल्या आहेत. भांडण असलंच, तर ते कुणाला काय घेऊ दिलं आणि कुणाला काय नाकारलं, याचं आहे.

आधी कारकुनाबद्दल. हा शब्द इंग्रजांनी आणलेला नाही. फारसीतून आला आणि मराठी राज्यात मानानं नांदला. ज्याच्या बुद्धीचे गोडवे आपण अजून गातो तो नाना फडणवीस म्हणजे हुद्द्यानं हिशेबाच्या दफ्तराचा प्रमुख. फर्द, म्हणजे हिशेबाची यादी, लिहिणारा तो फडणवीस. चिटणीस, पोतनीस, सबनीस, कारखानीस ही आडनावं लेखणीच्या आणि हिशेबाच्या नोकऱ्यांचीच आहेत, आणि ती लावताना कुणी लाजत नाही. राज्य दफ्तरावर चालतं हे पुण्याला इंग्रजांनी शिकवायची गरज नव्हती.

त्या दफ्तराला लागणारं शिक्षण देणारी शाळाही होती, आणि तीही खासगीच. पंतोजीची शाळा. एखाद्याच्या ओसरीवर किंवा देवळाच्या पडवीत ती भरे. पालक पंतोजीला थोडे पैसे देत, थोडं धान्य देत. मूल धुळीत अक्षरं गिरवून सुरुवात करी, मग मोडी लिपी आणि मग पाढे. नुसते सरळ पाढे नाहीत, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औटकी म्हणजे साडेतीनपट. साडेतीन रुपये मणानं सतरा मण माल घेतला तर किती झाले, याचं उत्तर दहा वर्षांचं पोर ‘साडेएकोणसाठ’ असं उभ्या उभ्या देई. तेच पोर मोठं झालं की रोजकीर्द, म्हणजे रोजचा जमाखर्च, लिही आणि तो खात्यांवर चढवून खतावणी करी. याला धंद्याचं शिक्षण म्हणायचं नाही तर कशाला? संस्कृतची पाठशाळा वेगळी होती, तिचा धनी वेगळा होता, आणि तिथे कोणी बसायचं ते जन्मावरून ठरलेलं होतं. तेव्हा ‘इंग्रजांच्या आधी सगळे ज्ञानासाठी शिकत’ हे चित्र रंगवणाऱ्यांनी एकदा औटकी म्हणून पाहावी.

इंग्रजी अमदानीत हा माल नव्या दुकानात गेला. कलकत्त्यात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत खासगी इंग्रजी शाळा निघाल्या. चितपूर रस्त्यावर शेरबोर्न नावाच्या गृहस्थाची एक शाळा होती, तिथे द्वारकानाथ टागोर शिकले आणि पुढे व्यापारी कंपनीचे भागीदार झाले. धर्मतळ्यात डेव्हिड ड्रमंड या स्कॉटिश शिक्षकाची अकॅडमी होती. पुढे कवी म्हणून नावाजलेला हेन्री डिरोझिओ तिथे सहाव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत शिकला. काव्य, तत्त्वज्ञान, शंका घ्यायची सवय, सगळं त्यानं तिथून उचललं. आणि चौदाव्या वर्षी तो काय झाला? वडील ज्या व्यापारी पेढीत हिशेबनीस होते, तिथेच कारकून. तिथून भागलपूरला नातलगाच्या निळीच्या कारखान्यात गेला. सतरा-अठराव्या वर्षी हिंदू कॉलेजात शिक्षक झाला आणि बंगालची एक पिढी त्यानं हलवून सोडली. मधल्या कारकुनीनं त्याची कविता बाटली नाही.

आता मेकॉले. न वाचता शिव्या खाल्लेल्या मजकुरात त्याच्या टिपणाचा नंबर फार वरचा लागेल. २ फेब्रुवारी १८३५ च्या त्या टिपणात युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयाचं एक फडताळ हिंदुस्थान-अरबस्तानच्या साऱ्या वाङ्मयाला भारी आहे, असं एक उर्मट वाक्य आहे, ते सगळ्यांना माहीत असतं. त्याच टिपणातला दुसरा मुद्दा मात्र अगदी वाण्याचा आहे आणि तो कुणी सांगत नाही. संस्कृत आणि अरबी शिकणाऱ्यांना आपल्याला पगार द्यावा लागतो, इंग्रजी शिकणारे मात्र उलट आपल्यालाच पैसे द्यायला तयार आहेत, असं तो म्हणतो. कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी इतकी वर्षं शिकूनही आम्हाला कोणी विचारत नाही, अशी तक्रार सरकारकडे केली होती, तिचाही त्यानं दाखला दिला आहे. पुण्यातही वेगळं नव्हतं. १८२१ साली दक्षिणा फंडातून, म्हणजे पेशवाईत ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या पैशातून, विश्रामबागवाड्यात जी संस्कृत पाठशाळा उघडली, तिच्या विद्यार्थ्यांना दरमहा वेतन मिळे. म्हणजे १८३५ च्या सुमाराला अभिजात विद्येला कुणीतरी आश्रय द्यावा लागत होता. फी भरून ती घेणारं गिऱ्हाईक नव्हतं.

पन्नास वर्षांनंतर मात्र त्याच पुण्यात पालक फी भरून पोरांना संस्कृत शिकवत होते. हे कसं झालं? याचं उत्तर ‘संस्कृतीचा अभिमान जागा झाला’ असं देण्याची रीत आहे. थोडासा झालाही असेल. पण खरा चमत्कार विद्यापीठानं केला. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं आणि १८६० च्या दशकात त्यानं वरच्या परीक्षांतून देशी भाषा काढून त्यांच्या जागी अभिजात भाषा ठेवल्या. मराठी बाहेर, संस्कृत आत. विलायतेत सभ्य माणसाला लॅटिन यावं लागे, तर इकडे त्याचा जोड म्हणून संस्कृत. पुस्तकंही त्याच साच्यात आली. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शाळांसाठी संस्कृतचं पहिलं आणि दुसरं पुस्तक लिहिलं ते इंग्रजीतून. एकेक धडा, नियम, शब्दांची यादी आणि भाषांतराला वाक्यं, अशी त्यांची मांडणी. घोकंपट्टीच्या पाठशाळेतून बाहेर पडून संस्कृत आता तासाच्या वेळापत्रकात बसलं, त्याला गुण मिळू लागले. गुण मिळाले तशी शिष्यवृत्तीही आली. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यांसाठी जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती होती आणि तिच्याभोवती शाळाशाळांत चुरस असे. दीडशे वर्षांनंतरही गुणपत्रिकेतल्या संस्कृतकडे पाहून छाती फुगते, त्याचं मूळ इथे आहे. ‘स्कोअरिंग’ हा शब्द तेवढा नवा.

१८८० च्या जानेवारीत पुण्यात निघालेली न्यू इंग्लिश स्कूल ही या काळातली सगळ्यात नावाजलेली खासगी शाळा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतली नोकरी सोडली, टिळक आणि माधवराव नामजोशी त्यांना मिळाले, वामन शिवराम आपटे त्याच वर्षी आले, आगरकर पुढच्या वर्षी. या माणसांच्या त्यागाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी त्यात भर घालत नाही. माझं लक्ष वेगळ्या गोष्टीकडे आहे. सरकारच्या पगाराची बेडी तोडून निघालेल्या या शाळेनं शिकवलं काय? सरकारच्या विद्यापीठाच्या मॅट्रिकचा अभ्यास. नावातच ‘इंग्लिश’, आणि चिपळूणकरांसारखा मराठीचा कट्टर अभिमानी त्या इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणणारा. टिळक गणित आणि संस्कृत शिकवत. आपट्यांनी १८८१ साली विद्यार्थ्यांसाठी संस्कृत रचनेचं पुस्तक काढलं, त्याच्या इंग्रजी नावात ‘गाईड’ हा शब्द आहे. आज गाईड म्हटलं की नाकं मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. १८९० साली त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आला आणि १८९२ साली, चौतिशीत, ते गेले. तो कोश अजून संस्कृतच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर असतो. शंकरशेट शिष्यवृत्त्या या शाळेनं पहिल्या काही वर्षांतच खेचून आणायला सुरुवात केली, आणि शाळेकडे मुलांची रीघ लागली, त्यात या शिष्यवृत्त्यांचा वाटा मोठा होता.

याच मंडळींत नामजोशी होते. त्यांचं नाव रस्त्याच्या पाटीवरही क्वचितच दिसतं, आणि मला ते या सगळ्यांत जास्त आधुनिक वाटतात. कारखाने, प्रदर्शनं, औद्योगिक परिषदा, हात चालवणारं शिक्षण, हा त्यांचा ध्यास. रानड्यांच्या बरोबरीनं ते त्यात राबले. म्हणजे एकाच शाळेच्या शिक्षकखोलीत एका खुर्चीवर कोशकार आणि दुसरीवर उद्योगाचं वेड लागलेला माणूस बसत होता. इतका जमलेला योग पुन्हा आला नाही. तरी त्या शाळेच्या फळ्यावर हिशेबाची वही किंवा कारखाना आला नाही, संस्कृत आलं. का? संस्थापकांना धंद्याचं वावडं होतं म्हणून नाही. टिळकांनी स्वतः ही शाळा चालवणारी संस्था सोडण्याच्या सुमाराला वकिलीच्या परीक्षेचा वर्ग चालवला, तोही फी घेऊन. लातूरच्या जिनिंग कारखान्यात भागीदारीही केली. कारण साधं होतं. विद्यापीठ संस्कृताला गुण देत होतं, खतावणीला देत नव्हतं. खासगी शाळेला सरकारचा आधार नसतो, ती निकालावर जगते, म्हणून परीक्षेत जे नाही ते शिकवण्याची चैन तिला परवडत नाही. स्वतंत्र बाण्याची शाळा या बाबतीत सरकारी शाळेहून जास्त बांधलेली असते. आजचे खासगी शाळांचे चालकही हेच सांगतील, फक्त ते खासगीत सांगतील.

१८८२ साली देशातल्या शिक्षणाची पाहणी करायला सरकारनं नेमलेलं हंटर कमिशन आलं. जोतीराव फुल्यांनी त्यापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत काय शिकवावं, याची त्यांनी दिलेली यादी पाहण्यासारखी आहे: मोडी आणि बाळबोध (देवनागरी) वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्य. मोडी आणि हिशेब, म्हणजे कारकुनाची शिदोरी, यादीत सगळ्यांच्या पुढे. शेतकऱ्याच्या पोराला सावकाराच्या वहीत काय लिहिलंय ते वाचता आलं पाहिजे, कुलकर्ण्याच्या कागदावर अंगठा उठवण्याआधी तो कागद कळला पाहिजे, हे फुल्यांना दिसत होतं. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लेखणी होती त्यांना कारकुनी हलकी वाटू लागली होती. ज्यांच्या घरात ती कधी आलीच नव्हती, त्यांच्यासाठी ती हत्यार होती. कारकुनी शिक्षणाची थट्टा करणारा माणूस बहुधा दोन पिढ्या आधी ती नोकरी करून बसलेल्या घरातला असतो, असं माझं निरीक्षण आहे. मी स्वतःही अशाच घरातला.

त्याच कमिशननं एक शहाणी दिसणारी शिफारस केली. हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन फाटे करावेत, एक विद्यापीठाकडे जाणारा आणि दुसरा व्यापार किंवा इतर व्यवहारी कामांकडे नेणारा. कागदावर याच्यात काही खोट नाही. प्रत्यक्षात दुसऱ्या फाट्यावर कोणी फिरकलंच नाही. विसाव्या शतकाच्या तोंडाशी देशभरात तेवीस हजारांवर मुलं विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला बसत, आणि असल्या पर्यायी परीक्षांना सगळी मिळून दोन हजारही नव्हती. सरकारी अहवालांनी याचं खापर लोकांच्या पुस्तकी वेडावर फोडलं. आपणही तेच फोडतो: लोकांना हातानं काम नको, खुर्ची हवी.

मला यात पालकांचा हिशेब बिनचूक दिसतो. मॅट्रिक झालेल्या मुलाला कॉलेजचं दार उघडं होतं आणि कचेरीचंही, कारण कचेऱ्याही मॅट्रिकच मागत. दुसऱ्या फाट्यानं गेलेल्या मुलाला फार तर कचेरी, पुढे भिंत. सारखीच वर्षं, सारखीच फी, एका वाटेनं दोन दारं आणि दुसरीनं एक. औटकी येणारा बाप कुठली वाट धरील? वाट बंद ठेवायची आणि लोक तिकडे जात नाहीत म्हणून त्यांनाच अहंकारी म्हणायचं, हा खेळ तेव्हापासून चालू आहे.

ती भिंत पुढे मुंबईत थोडी खचली, आणि ती आधी खासगी माणसांनी खचवली. १९०० साली सोहराबजी दावरांनी व्यापारी शिक्षणाची स्वतंत्र संस्था काढली. १९१३ साली सरकारी सिडनहॅम कॉलेज निघालं आणि वाणिज्याला पदवी मिळाली. हिशेबाला पदवी मिळाली तेव्हा कुठे सभ्य घरांतली मुलं हिशेब शिकू लागली. सोबत लहानमोठे वर्ग निघाले. टायपिंगचे, पिटमनच्या लघुलेखनाचे, अकौंटन्सीचे. गिरगावात-दादरमध्ये आलेल्या कोकणातल्या पोरांनी गिरणीच्या खात्यातून कचेरीत पाय टाकला तो या वर्गांच्या जिन्यांवरून.

या दोन विद्यांची गाठ कुणाच्या आयुष्यात पडलेली पाहायची असेल, तर डॉ. आंबेडकरांइतकं बोलकं उदाहरण नाही. एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत घ्यायचं होतं. शिक्षकानं अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवायला नकार दिला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले ते असे. म्हणजे विद्यापीठानं बाजारात मांडलेली अभिजात विद्या फी मोजूनसुद्धा सगळ्यांना मिळत नव्हती. गिऱ्हाईक पाहून माल आत ठेवला जात होता. पुढे ते सिडनहॅममध्ये १९१८ पासून अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. बॅरिस्टर होऊन आल्यावर, १९२५ ते १९२८ या काळात, बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये ते अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवत. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला माणूस एका खासगी क्लासमध्ये होतकरू हिशेबनिसांना करार आणि भागीदारी समजावून सांगतोय, हे दृश्य मला फार आवडतं. संस्कृत ते पुढे स्वतःच्या जिद्दीनं शिकले. आणि स्वतःची शिक्षणसंस्था काढली तेव्हा आधी कला-विज्ञानाचं सिद्धार्थ कॉलेज, मग १९५३ साली कॉमर्सचं वेगळं कॉलेज. ‘आपल्या पोरांनी कारकून होऊ नये’ असं म्हणून त्यांनी कॉमर्सला तुच्छ लेखलं नाही, आणि ‘आपल्या पोरांना एवढंच पुरे’ म्हणून तिथेच थांबवलंही नाही. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी कॉलेज सकाळी भरे.

इथे एक कबुली द्यायला हवी. धंद्याचं शिक्षण देणाऱ्या खासगी वर्गांत बनवाबनवीही पुष्कळ होती. आमच्या गावच्या पाटीवरचं बुककीपिंग मी त्या खोलीत कुणाला शिकवताना पाहिलं नाही. पाटी तीन शब्दांनी भारदस्त दिसते, म्हणून ते होतं. ‘ए एस डी एफ जी’ आणि ‘सेमीकोलन एल के जे एच’ महिनोन्‌महिने बडवायचं, परीक्षेच्या आठवड्यात नवी रिबन मिळायची, आणि त्यापलीकडे पत्र कसं लिहावं, टिपणी कशी असते, फाईल कशी लावतात यातलं काही नाही. कारकुनी शिक्षणाविरुद्ध माझी तक्रार आहे ती ही, की ते पुरेसं कारकुनी नव्हतं. नाना फडणवीसाच्या दफ्तरातला उमेदवार याहून जास्त शिकत असणार.

पण तशीच पोकळी वरच्या विद्येतही होती. पंच्याण्णव गुण मिळवलेल्या आमच्या बॅचपैकी आज एखादा श्लोक अन्वय लावून सांगू शकेल असा एकही मला माहीत नाही. मलाही जमणार नाही. बनवाबनवी टायपिंगवाल्यांची तेवढी दिसते.

आता नव्या शैक्षणिक धोरणाच्या निमित्तानं दोन्ही शब्द पुन्हा चलनात आले आहेत. २०२० च्या धोरणात सहावीपासून व्यवसायशिक्षणाची ओळख आहे, दप्तराविना दहा दिवस आहेत. दुसरीकडे कॉलेजात भारतीय ज्ञानप्रणालीची क्रेडिटं आहेत. दोन्ही कल्पनांना माझा विरोध नाही. मला धास्ती आहे ती फाट्यांची. महाराष्ट्रानं अकरावी-बारावीला एमसीव्हीसी, म्हणजे व्यवसायशिक्षणाचे वेगळे अभ्यासक्रम, चालवून पाहिलं आहे. अभ्यासक्रम वाईट नव्हते, काही शिक्षक तर जीव तोडून शिकवत. पण प्रवेशाच्या रांगेत ‘कुठेच नाही लागला नंबर’ असं झालं की तिकडे जायचं, हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि तिथून इंजिनिअरिंग-मेडिकलच्या मोठ्या दारांकडे वळायची सोय जवळजवळ नव्हती. हंटर कमिशनचा दुसरा फाटाच तो, नवा रंग दिलेला. उद्या ज्ञानप्रणालीची क्रेडिटं शहरातल्या चांगल्या कॉलेजात आणि वायरिंग-प्लंबिंग जिल्हा परिषदेच्या शाळेत अशी वाटणी झाली, तर आपण १८८२ च्या पुढे एक पाऊलही टाकलेलं नसेल.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे, की फाटे नकोत. दहावीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला हिशेब यावा, खरा हिशेब: पगाराची चिठ्ठी वाचणं, कर्जाच्या हप्त्यातलं व्याज वेगळं काढणं, सातबारा आणि जीएसटीचं बिल समजणं. जे मूल संस्कृत घेईल त्यालाही, आणि डॉक्टर होणाऱ्यालाही. उलट आयटीआयला जाणाऱ्या पोराला एखादी जुनी भाषा, एखादं जुनं शास्त्र, हवं असेल तर मिळावं, आणि त्याचे गुण त्याच्या सर्टिफिकेटावर दिसावेत. व्यवसायाच्या कोणत्याही अभ्यासक्रमाच्या शेवटी पदवीचं दार असावं, ते उघडतं की नाही हे दरवर्षी तपासावं. दार नसेल तर तो अभ्यासक्रम सुरूच करू नये. यावर ‘एवढं सगळं एकाच मुलाच्या डोक्यावर?’ असा आक्षेप येतो. आपण आज त्या डोक्यावर तीन-तीन क्लास आणि चार टेस्ट सिरीज लादतो, तेव्हा हा कळवळा कुठे असतो कळत नाही.

आणि अभिजात कशाला म्हणायचं, हेही एकदा नीट बघून घ्यावं. विद्यापीठाला १८६० च्या दशकात मराठी वरच्या परीक्षांच्या लायकीची वाटली नव्हती. ती परत आणण्यासाठी रानडे आयुष्याच्या अखेरीपर्यंत झगडले. २०२४ च्या ऑक्टोबरात त्याच मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि पेढे वाटले गेले. मोडीचं तर याहून गमतीचं. ती राज्यकारभारात आणि पेढीवर झपाझप लिहायची लिपी, शुद्ध कारकुनी. शाळांतून ती गेली तेव्हा फारसं कुणी रडलं नाही. आज पुण्याच्या पेशवे दफ्तरातले हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, वाचायला माणसं मिळत नाहीत, आणि मोडीचे वर्ग फी घेऊन चालतात. तिथे इतिहासाचे संशोधक येतात आणि जमिनीचे जुने कागद लावून घ्यायचे म्हणून कोर्टकचेरीतली माणसंही येतात, एकाच बाकावर. आपण ज्याला मराठ्यांचा इतिहास म्हणतो, तो बराचसा कारकुनांच्या हस्ताक्षरात आहे.

त्या माडीवरची एक सकाळ अजून डोक्यातून जात नाही. सर नपुंसकलिंगी शब्द विचारत होते. माझ्या शेजारचा मुलगा उभा राहिला, ‘वारि, वारिणी’ म्हणाला आणि अडकला. सरांनी छडी टेबलावर टेकवली. कुणालाच येईना, मलाही नाही. तेवढ्यात मधल्या पायरीवरून आवाज आला, ‘वारीणि’. सरांनी जिन्याकडे पाहिलं. साडेआठच्या बॅचची एक मुलगी होती, हातात टायपिंगच्या कागदांची गुंडाळी. रोज पंधरा मिनिटं जिन्यात उभं राहून तिची रूपं पाठ झाली होती. सर ‘बरोबर’ म्हणाले, आणि आम्हाला द्वितीयेचं रूप विचारलं. मग साडेआठ वाजले. आम्ही वह्या गोळा केल्या, ती वर आली आणि खिडकीजवळच्या यंत्राची खोळ काढू लागली.